बिस्किटचा ताप

मोबाइलला हल्ली एक खोड लागलीये, न विचारता जुने फोटो वर काढायची. मागच्या आठवड्यात ऑफिसला जाताना अंधेरीला कशीबशी टेकायला जागा मिळाली, पर्स मांडीवर घेतली आणि फोन बघते तर हा फोटो. मार्च २०२१. फोटोत काय, तर तबेल्याच्या अर्ध्या दारावर सुतळीनं टांगलेलं एक पॅड, प्लॅस्टिकच्या पिशवीत घातलेला कागद आणि कागदावर पट्टीनं आखलेले रकाने. तारीख, सकाळ, संध्याकाळ, सही. ३७.८, ३८.०, ३७.७. बिस्किटचा ताप. म्हणजे ताप नव्हताच, नुसतं तापमान. बिस्किट हा घोडा. माझ्या भाचीचा, म्हणजे मालकीचा नव्हे, क्लबचा, पण ती त्याच्यावर बसते म्हणून आमच्या घरात सगळे तो आपलाच असल्यासारखं बोलतात. हा फोटो मी तेव्हा ताईला पाठवायला काढला होता, की बघ बाई किती काळजी घेतात, उगाच टेन्शन घेऊ नकोस. आता सहज दोन बोटांनी मोठा केला, काही कारण नव्हतं, लोकलमध्ये माणूस तेच करतो. आणि तेव्हा दिसलं की १९ तारखेपर्यंतचे आकडे एका हातचे आहेत, तिरके, तीनच्या आकड्याला लांब शेपटी काढलेले, आणि २० पासून अक्षर बदललंय.

महालक्ष्मी कधी गेलं कळलंच नाही. एरवी ते स्टेशन आलं की मी मान वर करतेच.

तर त्या मार्चची गोष्ट. ईरा तेव्हा बारा वर्षांची. एक अख्खं वर्ष स्क्रीनसमोर बसून शाळा झालेली, पोरगी नुसती सुजल्यासारखी दिसायला लागली होती, डोळ्यांखाली काळं. डिसेंबरात क्लब परत सुरू झाला आणि पंधरा दिवसांत तिचा चेहरा बदलला, हे मी स्वतः बघितलंय, त्यामुळे पुढे जे लिहितेय ते घोडे-बिडे कशाला हवेत श्रीमंतांचे चोचले अशा सुरात वाचू नका. चोचले आहेतच, ताईच्या नवऱ्याला परवडतं म्हणून चाललंय, पण पोर हसायला लागली होती हेही खरं. मार्चमध्ये क्लबनं शो जंपिंगची, म्हणजे घोड्यावर बसून दांड्यांवरून उड्या मारायची, छोटीशी स्पर्धा ठेवली. तेव्हा सरकारनं गर्दीच्या कार्यक्रमांवर बंदी घालायला सुरुवात केली होती, म्हणून ग्रुपवर मेसेज आला की याला स्पर्धा म्हणू नका, 'प्रॅक्टिस शो' म्हणा. आपल्याकडे नाव बदललं की रोग फसतो असा एक समज आहे. मग एक फॉर्म आला. शो घ्यावा का, हो किंवा नाही. रायडरचं नाव, वय, ब्लड ग्रुप, सोबत येणाऱ्या एकाच पालकाचं नाव, त्याला गेल्या चौदा दिवसांत सर्दी खोकला ताप. घोड्याचं नाव, घोड्याचं फ्लूचं लसीकरण झाल्याची तारीख, घोड्याचं तापमान. ताई आणि भावजी दोघं तेव्हा ऑफिसच्या कामात गळ्यापर्यंत बुडालेले, त्यामुळे पालक म्हणून मीच जाणार होते आणि फॉर्मही मीच भरला. 'हो' वर टिक केलं. पाच सेकंदसुद्धा विचार केला नाही.

घोड्याच्या तापमानाचं एवढं का, तर त्याच वेळी युरोपात घोड्यांमध्ये एक साथ आली होती. स्पेनमध्ये वॅलेन्सियाला मोठ्या स्पर्धा चालू होत्या, तिथे नागीण जातीचा घोड्यांचा एक विषाणू पसरला, घोडे मागच्या पायावरून कोसळायला लागले, बरेच दगावले. आणि घोडेस्वारीच्या आंतरराष्ट्रीय संघटनेनं काय केलं, तर मार्च उजाडताच युरोपातल्या एकामागून एक देशांतले शो बंद केले, आधी २८ मार्चपर्यंत आणि मग ११ एप्रिलपर्यंत. प्रत्येक घोड्याचं तापमान दिवसातून दोनदा घ्या, नोंद ठेवा, असा सल्ला तेव्हाच फिरत होता, नंतर शो सुरू केले तेव्हा तीच अट झाली. आमच्या क्लबचे कोच हे सगळं वाचणारे, त्यांनी लगेच इथे रकाने आखले. खरं तर वॅलेन्सियाच्या घोड्याचा आणि आमच्या बिस्किटचा संबंध कुठून यायचा, पण माणूस जीव लावतो त्या गोष्टीबद्दल असाच असतो, मला त्यात हसण्यासारखं काही वाटलं नाही. उलट भारी वाटलं. म्हटलं, वा, शिस्त म्हणजे ही.

शोच्या दिवशी, २१ तारखेला, पहाटे साडेपाचला निघालो. मुंबईची वेस ओलांडली की हवा बदलते, त्यात मार्चची पहाट, मास्कच्या आतसुद्धा वास येत होता, ओल्या वाळूचा, लिदीचा, चामड्याला लावलेल्या तेलाचा. मला हा वास लहानपणापासून माहितीये, त्याच्याबद्दल पुढे सांगते. मैदानात रंगीत दांडे लावलेले, मुलं हेल्मेट घालून पायीच कोर्स फिरत होती, पावलं मोजत, ओठातल्या ओठात आकडे पुटपुटत, प्रत्येकात सहा सहा फुटांचं अंतर. सॅनिटायझर होता. खुर्च्या लांब लांब होत्या. आणि मैदानाच्या कडेला, आंब्याच्या झाडाखाली, एक ॲम्ब्युलन्स उभी होती, मागचं दार उघडं, आत ऑक्सिजनचा सिलिंडर, बाहेर ड्रायव्हर स्टुलावर बसून मोबाइल बघत. उड्यांचा शो ॲम्ब्युलन्स उभी असल्याशिवाय सुरू होत नाही, पोर पडलं तर लागते, बरोबरच आहे. तेव्हा मला ती बघून धीर आला होता.

चौदा दिवसांनी, ४ एप्रिलला, मुंबईत एका दिवसात अकरा हजारांवर केसेस निघाल्या. त्या आठवड्यात आमच्या बिल्डिंगमधल्या एका आजोबांसाठी मी स्वतः नंबर फिरवत होते, एकही ॲम्ब्युलन्स मिळेना, शेवटी त्यांच्या मुलानं टेम्पोत गादी टाकून नेलं. आजोबा वाचले. पण फोन कानाला लावून उभी होते तेव्हा डोळ्यांसमोर ते आंब्याचं झाड आणि तो स्टुलावरचा ड्रायव्हर. सकाळी सहा ते दुपारी एक. सात तास एक ॲम्ब्युलन्स आम्ही ऐंशी सेंटिमीटरच्या उड्यांसाठी अडवून ठेवली होती.

तर शो. ईरा म्हणाली, मावशी, सुभाषदादा नाहीये. सुभाष म्हणजे बिस्किटला बघणारा माणूस. जत तालुक्यातला, तिशी-पस्तिशीचा, बारीक, कानात एक बाळी. क्लबमध्ये त्यांना ग्रूम म्हणतात, रेसकोर्सवर सईस, आणि आमची आई मोतद्दार म्हणायची, तिच्या माहेरी तोच शब्द. सुभाषशिवाय बिस्किट कुणालाही नीट लगाम चढवू देत नाही, जबडा घट्ट मिटून मान छताला लावतो. एक नवाच पोरगा त्याच्याशी झटत होता. मी विचारलं, तर म्हणाला, गावाला गेलेत, घरी काहीतरी आहे. बरं म्हटलं. मग मी टॉयलेट शोधत तबेल्याच्या मागे गेले. तिथे शेवटाला गवताची खोली, पत्र्याची, दार लोटलेलं. आतून खोकल्याचा आवाज आला. एकदा नाही, थांबून थांबून, तोंड कशात तरी दाबून खोकल्यासारखा. मी दोन मिनिटं उभी राहिले. दोन नसतील, अर्धं असेल. मग मनाशी म्हटलं, गवताची धूळ असते, खोकला येतोच. आणि मैदानाकडे परत गेले, कारण ईराचा नंबर पाचवा होता.

एक दांडा पडला. चार फॉल्ट. तिसरी आली.

आता त्या वासाबद्दल. माझे वडील लोअर परळच्या गिरणीत होते आणि आम्ही सात रस्त्याजवळ चाळीत राहायचो. बाबांना दोन व्यसनं, तंबाखू आणि रेस. व्यसन म्हणजे घर विकलं वगैरे सिनेमातल्यासारखं काही नाही, पाच-दहा रुपयांचा खेळ, पण रविवार त्यांचा तिकडे, महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर. १९८२ ला संप झाला, पगार बंद, तरी माणूस रविवारी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचाच. आई ओरडायची, खिशात दमडी नाही आणि चालले रेसला. बाबा म्हणायचे, बघायला पैसे लागत नाहीत. म्हणजे आत जायला लागायचे, पण कडेनं, भिंतीशी, कुठून कुठून बघता यायचं ते त्यांना माहीत होतं. मी सहा-सात वर्षांची असेन, खांद्यावर बसवून नेलं होतं दोनतीनदा. ते मैदान १८८३ सालचं, एवढ्या दाटीच्या मुंबईत एवढं हिरवं रिकामं, मला तर ते समुद्रापेक्षा मोठं वाटायचं. घोडे धावतात तेव्हाचं मला फारसं आठवत नाही, पटकन संपतं ते, जमीन धडधडते आणि लोक ओरडतात एवढंच. आठवतंय ते आधीचं. रेसच्या आधी घोडे गोल फिरवतात ना, तेव्हा बाबा घोड्याकडे बघायचेच नाहीत. म्हणायचे, घोडं सगळेच बघतात गं, त्याला धरून चालणारा माणूस बघ. त्याचा हात ढिला असेल, चालताना इकडेतिकडे बघत असेल, तर समज घोडं शांत आहे. त्याचा हात ताणलेला दिसला तर रात्रभर काहीतरी झालंय. ही त्यांची टिप. या टिपेवर ते किती जिंकले ते विचारू नका, आईनं हिशेब ठेवला होता, आणि तो हिशेब सांगत नाही.

बाबा २०१६ ला गेले, म्हणजे त्यांनी हे काही बघितलं नाही. बरं झालं असं मी पुष्कळदा म्हणते. महालक्ष्मीची रेस बंद पडलेली, मैदान सुनं, आणि त्याच आवारात महापालिकेचं जम्बो कोविड सेंटर, पांढरे पांढरे मंडप. पण घोडे? लोकांना वाटतं रेस बंद म्हणजे घोडे बंद. घोडा शटर ओढून बंद करता येत नाही. पाचशे किलोचं जनावर, दिवसाला दहाएक किलो चारा-चंदी, पंचवीस-तीस लिटर पाणी, आणि त्याला उलटी करता येत नाही, त्यामुळे नुसतं उभं ठेवून भरपूर खायला घातलं की पोटात कळा येऊन मरूही शकतो. पूर्वी टांग्याच्या, गाडीच्या घोड्यांना सोमवारी सकाळी एक दुखणं व्हायचं म्हणतात, रविवारी काम नाही पण चंदी पूर्ण, की सोमवारी मागचे स्नायू लाकडासारखे. म्हणून त्याला रोज फिरवावंच लागतं, खरारा करावाच लागतो, साथ असो नाहीतर युद्ध असो. म्हणजे कुणीतरी रोज तिथे असावंच लागतं. आणि ते कुणीतरी मुंबईत जागा कुठून आणणार, ते घोड्याच्या शेजारीच झोपतं, आठ-आठ दहा-दहा जण एका खोलीत. घोड्याला बारा बाय बाराची स्वतंत्र खोली, खाली वाळू, वर पंखा. हे मी टोमणा म्हणून लिहीत नाहीये, घोड्याला लागतेच तेवढी जागा. पण सोशल डिस्टन्सिंग सगळ्यात चांगलं कोण पाळत होतं, तर घोडे.

त्या वर्षभरात रात्री झोप लागायची नाही, मी काहीबाही वाचत बसायचे. बाबांमुळे असेल, रेसबद्दल वाचलं जायचं. इंग्लंडात चेल्टनमला मार्चमध्ये चार दिवसांची मोठी रेस असते. २०२० ला ती १० ते १३ मार्चला झाली, ठरल्याप्रमाणे, चार दिवसांत मिळून अडीच लाखांच्या आसपास माणसं. ११ तारखेला, म्हणजे दुसऱ्याच दिवशी, जागतिक आरोग्य संघटनेनं महामारी जाहीर केली. तरी उरलेले दोन दिवस चालूच. त्या गर्दीनं किती पसरलं यावर तिकडे पुष्कळ भांडणं झाली. पण माझी झोप उडाली ती वेगळ्याच गोष्टीनं. हीच चेल्टनमची रेस २००१ मध्ये रद्द केली होती. कशासाठी, तर लाळ-खुरकत. गुरांचा, मेंढरांचा रोग. घोड्याला तो होतच नाही, त्याचा खूर दुभंगलेला नसतो. तरी रद्द केली, कारण माणसांच्या बुटांवरून, गाड्यांच्या चाकांवरून तो शेतकऱ्यांच्या गोठ्यात गेला असता. आणि ते योग्यच होतं. मी रात्री दोन वाजता अंथरुणात बसून हे वाचतेय आणि मनात आकडेमोड चाललीये की गायीसाठी बंद, मेंढीसाठी बंद, घोड्यासाठी तर बंदच, आणि माणसासाठी, बघू, मास्क लावू, हात धुऊ.

का असेल असं? मला वाटतं गायीचं नुकसान मोजता येतं. दर ठरलेला असतो.

जपानमध्ये मात्र रेस थांबल्याच नाहीत, फेब्रुवारी २०२० च्या शेवटापासून प्रेक्षक बंद केले आणि रिकाम्या स्टँडसमोर घोडे पळवत राहिले, लोक घरून पैसे लावत राहिले. हाँगकाँगनंही चालू ठेवल्या. अमेरिकेची मोठी डर्बी मेमधून सप्टेंबरात ढकलली आणि प्रेक्षकांशिवाय केली. हे वाचून पहिल्यांदा मला वाटलं, बघा, जमतं की, उगाच बंद करायची हौस कशाला. मग पुढच्या वर्षी ऑलिम्पिकमध्ये फवाद मिर्झा उतरला, वीस वर्षांनी आपला कुणीतरी घोडेस्वार तिथे, ईरा तर टीव्हीच्या काचेला नाक लावून, घरात चहासुद्धा कुजबुजत मागायचा. तो फायनलला गेला, तेविसावा आला, आमच्याकडे श्रीखंड झालं. रिकामी स्टेडियम्स तोपर्यंत सवयीची झाली होती. पण क्रॉस कंट्री संपवून घोडे घामाघूम परत आले की त्यांच्याभोवती चार-पाच माणसांचा घोळका, कुणी खोगीर उतरवतंय, कुणी बर्फाचं पाणी मारतंय, खांद्याला खांदा लावून. मी ईराला म्हटलं, प्रेक्षक नाहीत म्हणतात, हे कोण मग? ती म्हणाली, मावशी ते ग्रूम्स आहेत, ते धरत नाहीत.

धरत नाहीत. बारा वर्षांच्या पोरीनं सहज म्हटलं आणि परत टीव्ही बघायला लागली. फॉर्ममध्ये तेच होतं ना. रायडर, पालक, घोडा. चौथा रकाना नव्हता, आणि तो नाही हे मलाही भरताना दिसलं नव्हतं, मी जी भिंतीशी उभं राहून सईसाचा हात बघायला शिकलेली.

आपल्याकडे एक घोड्याचा सोहळा मात्र खरोखर थांबला होता. आईचं माहेर फलटणच्या अलीकडे, त्यामुळे चांदोबाच्या लिंबाचं उभं रिंगण म्हणजे तिच्यासाठी दिवाळीच्या वरचं. दोन्ही बाजूंनी दिंड्या, मधून वाट काढलेली, पुढे झेंडेकऱ्याचा घोडा आणि मागून माऊलींचा अश्व, पाठीवर कुणीही नाही, रिकामा. रिकामा म्हणायचं नाही, आईनं एकदा त्यावरून मला चापट मारलीये, पाठीवर माऊली असतात. तो सुटला की लाखभर माणसं एकदम श्वास सोडतात, असा आवाज मी दुसरीकडे कुठे ऐकला नाही, महालक्ष्मीलाही नाही. आणि गेला की सगळे खाली वाकतात, टापांची माती कपाळाला लावायला. २०२० ला वारीच नाही. पादुका एसटीनं पंढरपूरला गेल्या, मोजकी माणसं, फुलांनी सजवलेली बस. रिंगण नाही. आई टीव्हीसमोर बसून रडत होती, मी म्हटलं, अगं पुढच्या वर्षी. पुढच्या वर्षीही नाही. शेकडो वर्षांची वाट, आणि लोकांनी कुरकुर केली, कोर्टात गेले, रडले, पण राहिले घरी. मग मला राहून राहून वाटतं की लाखो वारकऱ्यांचा घोडा थांबू शकतो तर आमच्या वीस पोरांचा 'प्रॅक्टिस शो' थांबवायला काय धाड भरली होती.

पण थांबवणं फुकट नसतं हेही बघितलं. २०२१ च्या पावसाळ्यानंतर आम्ही माथेरानला गेलो. तिथे तेव्हा गाडी चालत नव्हती, चारशेच्या वर घोडे आणि त्यांच्यावर जगणारी घरं. दस्तुरीवर, खालून आलेल्या गाड्या थांबतात तिथे, घोडेवाले अंगावर आले, एरवी मला त्याचा राग येतो. एका घोड्याच्या फासळ्या मोजता येत होत्या. मालक म्हणाला, ताई, पहिल्या लॉकडाऊनला कुणीतरी चारा पाठवला, फोटो काढले, दुसऱ्याला कुणी नाही आलं. दोन घोडे होते, एक विकला. कुणाला विकला विचारलं तर खालच्या एका लग्नवाल्याला म्हणाला. आणि मग स्वतःच हसला, लग्नवाला तरी काय करणार, पंचवीस माणसांत लग्न, त्यात घोडी कशी मोजायची. मी त्या माणसाला ठरल्यापेक्षा दोनशे जास्त दिले आणि उतरताना वाटलं, दोनशे देऊन काय सुटका करून घेतेय मी.

म्हणजे माझं मत काय, असं ईरानं आता विचारलं, ती सतरा वर्षांची झालीये आणि मत विचारते, त्रास देते. मी म्हटलं, माझ्या मते बंद करायला हवा होता. तो शो, ती चेल्टनमची रेस, सगळं. जत्रा बंद, स्टँड बंद, बक्षीस बंद. पण तबेला बंद होत नाही, तर तबेल्याचे पैसे चालू ठेवायचे, आणि ते आपण द्यायचे, ज्यांना उड्या बघायच्या असतात त्यांनी. लॉकडाऊनच्या महिन्यांची फी क्लबनं मागितली तेव्हा भावजींनी केवढा वाद घातला होता, सर्व्हिस मिळाली नाही तर पैसे कसले, आणि मी त्यांचीच बाजू घेतली होती. ईरा म्हणाली, मावशी, पण मी त्या शोमुळे बरी झाले. मी काही बोलले नाही. झाली होती ती बरी.

माझ्या एका चुलत्याला गावी घोणस चावली होती, मी शाळेत असताना, सातारच्या सिव्हिलला नेलं आणि इंजेक्शनं देऊन वाचवलं. ते औषध घोड्याच्या रक्तातून काढतात हे मला कितीतरी नंतर कळलं, घोड्याला थोडं थोडं विष टोचतात, त्याचं शरीर उतारा तयार करतं, आणि तो आपल्याला. परळला हे औषध करणाऱ्या हाफकिन संस्थेवरून बस जायची तेव्हा बाबा खिडकीतून हात जोडायचे. मला वाटायचं आत देऊळ आहे.

सुभाषला मी भेटले ते २०२२ च्या जानेवारीत. क्लबनं एप्रिलच्या लॉकडाऊनमध्ये सोळा घोड्यांवर चारच माणसं ठेवली होती, बाकीच्यांना घरी पाठवलं, त्यात तो गेला आणि दिवाळीनंतर परत आला. आणखी बारीक झालेला. बिस्किटच्या खुरातली माती काढत होता, मी बाजूला उभी राहिले आणि विचारलंच, शोच्या दिवशी तू गवताच्या खोलीत होतास का रे? तो वाकलेलाच म्हणाला, हो की. कुणी सांगितलं? मी म्हटलं, कुणी नाही. म्हणाला, तीन दिवस अंग तापत होतं ताई, शुक्रवारी उभं राहवेना तेव्हा सांगितलं. साहेब म्हणाले शो होईपर्यंत आत पड, बाहेर दिसू नको, पालक घाबरतात. मी विचारलं, ताप किती होता? तर हसायला लागला. मोजला नाही म्हणे. अरे, हातात थर्मामीटर घेऊन दोनदा दोनदा घोड्याचा ताप मोजत होतास ना! तर म्हणतो, ताई, तो थर्मामीटर घोड्याला कुठे लावतात माहितीये ना? तोंडात कसा घालू?

आम्ही दोघंही खूप हसलो. मी जरा जास्तच.

मग मी म्हटलं, तो शो घ्यायलाच नको होता. मला वाटलं तो हो म्हणेल. त्यानं खूर खाली ठेवला, पाठ सरळ केली, म्हणाला, नाही, झाला ते बरं झालं. शोचे वेगळे दोन हजार मिळतात आम्हाला, मी आत पडून होतो तरी दिले साहेबांनी. तेच घेऊन एसटीनं गावाला गेलो. नाहीतर चालत जायला लागलं असतं. त्यानं तो आजार कुणाला दिला असेल, एसटीत शेजारी कोण बसलं असेल, घरी त्याची म्हातारी आई असते, हे सगळं माझ्या डोक्यात एका दमात येऊन गेलं आणि मी त्यातलं काहीही विचारलं नाही. आणि तो 'हो' चा टिक माझा होता हेही सांगितलं नाही. सांगून काय, तो म्हणाला असता, थँक्यू ताई.

तर हा फोटो. लोकलमध्ये बघितला तो पाच दिवस डोक्यात घोळत राहिला आणि रविवारी ईराला घ्यायला गेले तेव्हा सुभाषला दाखवला. १७, १८, १९, ताप अंगात असताना लिहिलेले आकडे, आणि एकही चुकलेला नाही, एकाही रकान्यात खाडाखोड नाही. मी मोठा करून त्याच्यासमोर धरला, म्हटलं, हे बघ, हे तुझं अक्षर, आणि इथून बदललं. त्यानं हात पँटला पुसले, फोन हातात घेतला, उन्हाची तिरीप येत होती म्हणून तळहाताची सावली केली आणि बराच वेळ बघत राहिला. मग बोटानं फोटो बाजूला सरकवला, पॅडच्या मागे दारावरून बिस्किटनं मान बाहेर काढलेली आहे तिथपर्यंत.

"मान बघा याची," म्हणाला. "तेव्हा कसली भरलेली होती. आता दातच राहिले नाहीत, चंदी भिजवून देतो."